पेडलखालची हवा

श्रावणातला सोमवार. भीमाशंकरचे दर्शन आटोपून आम्ही परत निघालो होतो. तळेघर मागे पडले, पोखरीचा घाट लागला. खाली डिंभे धरणाचे पाणी ढगांतून दिसत-लपत होते. समोर एसटी होती, तिच्या पुढे दोन जीपा, आणि सगळ्यांचेच मागचे लाल दिवे सारखे पेटत होते. तिसऱ्या-चौथ्या वळणावर माझ्या पायाखालचे पेडल मऊ झाले. पाय टेकवला की जो घट्ट प्रतिसाद मिळतो तो मिळेना. ओल्या मातीत पाय रुतावा तसे ते खाली जाऊ लागले. पुन्हा दाबले तर थोडे वर आले, तिसऱ्यांदा दाबले तेव्हा पार फळीला टेकले आणि तिथे कशीबशी गाडी धरली. गाडीत आई होती, दोन लहान मुले होती. मी दुसरा गिअर टाकला, मग पहिला, हँडब्रेक थोडा थोडा ओढत डोंगराच्या अंगाला गाडी घेतली आणि चाकाखाली दगड लावला.

पुढच्या चाकांजवळ हात नेववत नव्हता, इतकी धग होती. जळका वास येत होता. कुणीतरी बाटलीतले पाणी चाकावर ओतायला निघाला, त्याला थांबवले. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडले तर ती वाकडी होते, तडकतेही. अर्ध्या तासाने पेडल दाबून पाहिले, तर ते पूर्वीसारखे घट्ट. आई म्हणाली, शंभूने सांभाळले. मला तेव्हा तेच खरे वाटले. पण घट्ट झालेल्या पेडलवर विश्वास बसेना. घोडेगावपर्यंत मी दुसऱ्या गिअरमध्येच आलो.

पुढचा दीड महिना त्या पेडलच्या मागे गेला. एका गॅरेजमध्ये सांगितले, लाइनमध्ये हवा आहे. त्यांनी ती काढली, ब्रेक ऑइल वर टाकले, पेडल छान झाले. दहा दिवसांनी पुन्हा मऊ. पुन्हा हवा काढली, पुन्हा दहा-बारा दिवस. गणपतीत तिसऱ्यांदा तेच. तोवर मलाही सवय लागली होती. सिग्नलजवळ येताना पाय आपोआप दोनदा पडायचा. एकदा पंप, दुसऱ्यांदा ब्रेक. या सवयीची मला आज सगळ्यात जास्त भीती वाटते. कारण जुन्नर-आंबेगावात मी ज्यांच्या ज्यांच्याशी बोललो, त्या पिकअपवाल्यांत, जीपवाल्यांत हे वाक्य हमखास ऐकले: ‘दोन पंप मारले की लागतो बरोबर.’ गाडीचा स्वभावच तसा आहे, असे समजून माणसे महिनोन्‌महिने गाडी चालवतात. मग एखाद्या दिवशी दोन पंप मारण्याइतका वेळ मिळत नाही.

ब्रेकच्या त्या लाइनमध्ये, म्हणजे नळीत, काय घडते ते नीट समजून घेऊ. मोटारीचा ब्रेक म्हणजे पायाचा जोर चाकापर्यंत नेणारे बंद पाणी. पाणी म्हणजे अर्थात ब्रेकचे द्रव, ज्याला आपण सगळे ‘ऑइल’ म्हणतो. बंद द्रवावर एका जागी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा सतराव्या शतकातला नियम. माल्कम लॉकहीडने १९१७ मध्ये त्यावर मोटारीच्या ब्रेकचे पेटंट घेतले आणि १९२१ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूसेनबर्ग गाडीला चारही चाकांना असे ब्रेक बसले. सगळी करामत एका गोष्टीवर उभी आहे: द्रव जवळजवळ दबत नाही. हवा मात्र दबते.

किती हवा पुरते? मी वहीवर मांडून पाहिले. पेडलने ढकलला जाणारा मास्टर सिलिंडरचा पिस्टन २२ मिलिमीटर व्यासाचा धरला, तर त्याचे तोंड ३.८ चौरस सेंटिमीटरचे होते. लाइनमध्ये चहाच्या चमच्याएवढी, म्हणजे ५ मिलिलिटर हवा असेल, तर ती दाबून जवळजवळ नाहीशी करायला पिस्टनला सुमारे १३ मिलिमीटर जास्त सरकावे लागते. पेडलची तरफ चारपट धरा. म्हणजे पायाला पाच सेंटिमीटर, चांगले दोन इंच जास्त दाबावे लागते. आणि हे दोन इंच जातात तोवर चाकापर्यंत पुरता जोर पोचलेलाच नसतो. एक चमचा हवा. एवढीशी गोष्ट कुणाला दिसत नाही, तिचा आवाज येत नाही, डॅशबोर्डवर दिवा लागत नाही. ती फक्त तळपायाला कळते.

शेवटी एका ओळखीच्या शेतकऱ्याने जुन्नरजवळच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे पाठवले. पत्र्याची शेड, बाहेर टोमॅटोचे क्रेट भरलेल्या दोन पिकअप उभ्या. मी सगळा इतिहास सांगितला. त्यांनी ऐकून घेतले आणि एकच विचारले, ‘तीनदा हवा काढली म्हणता. ती आत शिरली कुठून, ते कोणी बघितलं का?’

कोणीच बघितले नव्हते. मीही विचारले नव्हते.

मिस्त्रींनी पान्याला हातच लावला नाही. आधी ते चालकाच्या जागेवर बसले. इंजिन बंद ठेवून पाच-सहा वेळा पेडल दाबले, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरमधली साठलेली ओढ संपली. मग पाय टेकवून मिनिटभर तसाच धरून ठेवला. ‘हे बघा, पेडल खाली सरकत नाही. सरकलं असतं तर मास्टरचं रबर गेलं, नाहीतर कुठे तरी गळती.’ मग झटपट पंप मारले. पेडल वर चढत गेले. ‘पंपानं वर येतं. म्हणजे एक तर हवा, नाहीतर मागच्या लायनरना फार गॅप पडलाय.’ लायनर झिजून ड्रमपासून लांब गेले, तरी पेडल खोल जाते. पण ते वर आल्यावर दगडासारखे कडक लागते. हवा असेल तर वर आल्यावरही स्प्रिंगसारखे लवते. हा फरक त्यांनी माझा पाय ठेवून मला दाखवला. मग पेडल दाबून धरूनच चावी फिरवली. इंजिन चालू होताच पेडल किंचित खाली बसले. बूस्टर ठीक. पेडल कडक लागते आणि गाडी थांबत नाही, हे दुखणे वेगळे, ते बूस्टरचे. अनेकजण दोन्हींना ‘ब्रेक लागत नाही’ एवढेच म्हणतात आणि तिथेच तपासाची दिशा चुकते.

नंतरची गोष्ट मी पहिल्यांदाच पाहिली. पुढच्या दोन चाकांना एकेक रबरी होज जातो, मागच्या आसाला मधोमध एक. मिस्त्रींनी गुळगुळीत जबड्याचा चिमटा हळूच लावून एक होज बंद केला आणि मला पेडल दाबायला सांगितले. मऊच. दुसरा होज बंद केला. मऊच. मागचा बंद केला, आणि पेडल वरच्या वर घट्ट उभे राहिले. हवा मागच्या बाजूला होती. तीन मिनिटांत अर्धी गाडी संशयातून बाहेर पडली. हे काम कुजलेल्या, तडे गेलेल्या होजवर करायचे नाही. तिथे चिमटा लावला तर होजच फुटतो. तो आधी बदलायचा.

मागचे डावे चाक उतरले, ड्रम निघाला. लायनर कोरडे. जमिनीवर थेंब नाही. मला वाटले इथेही काही नाही. मिस्त्रींनी व्हील सिलिंडरच्या टोकाची रबरी टोपी स्क्रू-ड्रायव्हरने उचकटली आणि बोट आत घातले. बोटाच्या टोकाला ओल आली, काळपट. सिलिंडर खोलून पुसला आणि उन्हात धरला. आरशासारखा गुळगुळीत असायला हवा तो भाग देवीच्या व्रणांसारख्या बारीक खड्ड्यांनी भरला होता. गंज.

‘पेडल दाबताना रबर फुगतं आणि भिंतीला चिकटतं, म्हणून बाहेर गळत नाही,’ ते म्हणाले. ‘पाय झटकन काढला की रबर सैल पडतं, आतली ओढ तयार होते आणि या खड्ड्यांतनं हवा आत जाते. रोज थोडी थोडी.’ दहा दिवसांत चमचाभर. हिशेब जुळला.

आणि गंज कुठून आला? ब्रेकच्या बंद नळीत पाणी कसे? याच उत्तराने मला पोखरीच्या घाटातला तो अर्धा तास समजला.

आपल्या गाड्यांत जे डॉट ३, डॉट ४ द्रव असते ते ग्लायकॉलच्या वर्गातले. ते हवेतला दमटपणा शोषून घेते. मास्टरवरच्या द्रवाच्या बाटलीच्या झाकणाच्या भोकातून, रबरी होजच्या भिंतीतून ओलावा हळूहळू आत येतच राहतो. म्हणून या द्रवाला उकळण्याचे दोन आकडे असतात. कोरडे असताना डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळता कामा नये, डॉट ४ किमान २३० पर्यंत. त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. वर्षानुवर्षे न बदललेले द्रव याहून खाली जाते. आंबेगावच्या पश्चिमेला, आहुपे, तळेघर, भीमाशंकरच्या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने कपडे वाळत नाहीत, हिरडा ठेवायला कोरडी जागा शोधावी लागते. तिथे उभी राहणारी गाडी आणि गॅरेजच्या फळीवर अर्धवट झाकलेला गेल्या वर्षीचा डबा, दोघेही तोच पाऊस पीत असतात. म्हणून फोडलेला डबा पुढच्या वेळेसाठी ठेवूच नये. ताजे द्रव मधासारखे फिकट दिसते. माझ्या गाडीतून निघाले ते कोऱ्या चहासारखे होते.

घाटात त्या दिवशी लाइनमध्ये शिरली होती ती वाफ. पुढच्या डिस्कच्या धगीने द्रवातले पाणी उकळले आणि हवेसारखीच दबणारी वाफ नळीत बसली. गाडी गार झाली, वाफेचे पुन्हा पाणी झाले, पेडल घट्ट झाले. मागच्या चाकाची हवा हा स्वतंत्र आजार होता, आधीपासून मुरत असलेला. दोन्हींचे मूळ एकच पाणी. घाटात मऊ झालेले आणि थंड झाल्यावर सुधारलेले पेडल ही वाफेची खूण. सकाळी गार गाडीतही मऊ लागते ती हवेची. हा एवढा भेद प्रत्येक चालकाला ठाऊक असायला हवा, असे मला मनापासून वाटते.

धग किती असते? भरलेली पिकअप सगळी मिळून तीन टनांची धरू. ती ३०० मीटर उंची उतरली आणि सगळा भार ब्रेकवरच घेतला, तर जी उष्णता तयार होते तिच्यात २८ लिटर पाणी उकळीपर्यंत तापेल. दोन बादल्या पाणी, चार चाकांच्या आतल्या बचकाभर लोखंडात. जुन्नर-आंबेगावातून रोज अशा किती बादल्या उतरतात! नारायणगावच्या बाजारातून निघालेला टोमॅटो, वीस किलोचे पंचाहत्तर क्रेट म्हणजे दीड टन, ओतूरमार्गे माळशेज उतरून कल्याणकडे जातो. ओतूरचा कांदा जातो. पूर्वेला आळेफाट्याहून नगरकडे जाताना आणे घाट लागतो. चैत्रात गावोगावच्या यात्रा सुरू झाल्या की नारायणगावहून तमाशाचे फड ट्रकमधून रात्रीच हलतात. शर्यतीचे बैल पिकअपमध्ये उभे राहून प्रवास करतात. उभे जनावर वळणावर हलते, आणि त्याच्यासोबत गाडीचा तोलही. डिझेल वाचवायला घाटात न्यूट्रल मारणारे चालक मी या सगळ्या रस्त्यांवर पाहिले आहेत. इंजिनाने जी गाडी ओढून धरली असती तिचा सगळा भार ते आपल्या हाताने ब्रेकवर टाकतात. इंजिनच बंद केले तर बूस्टरही दोन-तीन दाबांत संपतो.

याच रस्त्यांवर हवेवर चालणारे ब्रेकही आहेत. एसटी थांबताना जो फुस्स आवाज येतो, तो त्या हवेचा. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ मध्ये रेल्वेसाठी हवेच्या ब्रेकचे पेटंट घेतले, आणि पुढच्या काही वर्षांत रचना उलटी केली: हवा गेली की ब्रेक सुटायच्या ऐवजी लागावा. आजच्या मोठ्या ट्रक-बसच्या मागच्या चाकांतही जाड स्प्रिंग असते, तिला हवेचा दाब मागे धरून ठेवतो. दाब गेला की स्प्रिंग चाक आवळते. म्हणून सकाळी गाडी चालू केल्यावर काटा वर चढेपर्यंत चालक थांबतो. एसटीच्या चालकांबद्दल आंबेगावच्या खोऱ्यात वेगळीच आस्था आहे. ३० जुलै २०१४ ला इथल्या माळीण गावावर डोंगर कोसळला, तेव्हा गाव जागेवर नाही हे पहिल्यांदा बाहेर कळवले ते एसटीच्या चालकानेच. रस्ता रोज त्याच नजरेने पाहणाऱ्यालाच बदल दिसतो. पेडलचेही तसेच आहे.

तर एसटीत हवा नसेल तर गाडी हलत नाही, आणि पिकअपमध्ये हवा असेल तर गाडी थांबत नाही. शेडमध्ये शिकायला आलेल्या पोराला मिस्त्री हे पहिल्या दिवशी सांगतात.

आता दुरुस्ती. दोन्ही मागचे व्हील सिलिंडर नवे बसले. एकाला गंज चढला तर त्याच वयाच्या दुसऱ्याचा भरवसा धरता येत नाही. लायनरचा गॅप आधी बरोबर केला, कारण तो सैल ठेवून हवा काढली तर पेडल शेवटपर्यंत फसवते. गाडी चाकांवरच उभी ठेवली. अनेक पिकअपना मागच्या आसावर भार ओळखणारा व्हॉल्व्ह असतो. गाडी उचलून चाके लोंबकळत ठेवली, तर त्याला गाडी रिकामी वाटते, तो मागची वाट आवळतो आणि हवा नीट निघत नाही. काही गाड्यांत चाकांसारखे त्या व्हॉल्व्हलाही हवा काढायचे वेगळे निप्पल असते, ते विसरले की हवा तिथेच दडून बसते.

पेडलवर मिस्त्रींनी मला बसवले. पेडलखाली लाकडाचा एक ठोकळा ठेवला. मी कारण विचारले. रोजच्या वापरात मास्टरचा पिस्टन अर्ध्याच वाटेवर फिरतो. पुढच्या भागात साका आणि गंज बसलेला असतो. हवा काढताना पाय पार फळीपर्यंत नेला, तर रबर त्या खरखरीत भागावरून घासते आणि हवा काढायला आणलेली जुनी गाडी मास्टर खराब करून घरी जाते. गॅरेजमधून आल्यावर आठवड्यात मास्टर गेला, अशा तक्रारींमागे पुष्कळदा हेच असते.

सुरुवात मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकाने, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत मागच्या डाव्याने. मग मागचे उजवे, पुढचे डावे, शेवटी पुढचे उजवे. काही गाड्यांच्या लाइन तिरप्या जोडलेल्या असतात, त्यांचा क्रम कंपनीच्या पुस्तकात पाहायचा. निप्पलला पारदर्शक नळी, तिचे दुसरे टोक बाटलीत, ताज्या द्रवात बुडालेले.

‘दाब. सावकाश. धरून ठेव.’ निप्पल पाव फेरा सुटला. पेडल खाली गेले. ‘सोडू नको.’ निप्पल आवळला. ‘आता सोड.’

निप्पल उघडा असताना पाय उचलला, तर काढलेली हवा तिथूनच परत आत ओढली जाते. जोरजोरात पंप मारला, तर एका मोठ्या बुडबुड्याचे शंभर बारीक बुडबुडे होतात आणि द्रवात फेसासारखे लटकून राहतात. दर पाच-सहा दाबांनंतर पोरगा वरच्या बाटलीत द्रव टाकत होता. ती रिकामी झाली की सगळे पुन्हा पहिल्यापासून.

मागच्या डाव्या चाकाच्या नळीतून आधी काळे द्रव आले, मग बुडबुडे, मटाराच्या दाण्याएवढे, मग मोहरीएवढे, मग नुसता मधासारखा रंग. उजव्याला दोन-तीन बुडबुडे. पुढच्या चाकांतून हवा आलीच नाही, फक्त चहाचा रंग फिकट होत गेला. तरीही मिस्त्रींनी ते सगळे नवे होईपर्यंत काढले, कारण घाटात उकळले होते ते तिथलेच. पुढचे कॅलिपर पाहून त्यांनी एक जुनी केस सांगितली. एका गाडीचे दोन्ही कॅलिपर कुणीतरी डावे-उजवे बदलून बसवले होते. निप्पल वर असायला हवे ते खाली आले. हवा नेहमी वर चढते; निप्पल खाली असेल तर दिवसभर काढली तरी ती वरच्या कोपऱ्यात बसून राहते. तो चालक चार गॅरेज हिंडून आला होता. हल्लीच्या एबीएसच्या गाड्यांत हवा त्या यंत्रात शिरली, तर संगणक जोडून आतले व्हॉल्व्ह उघडावे लागतात. मिस्त्री अशा गाड्या स्वतः हातात घेत नाहीत, नारायणगावला पाठवतात. हे ते सरळ सांगतात, आणि मला त्यांच्याबद्दल त्यामुळे जास्त विश्वास वाटला.

शेवटी त्यांनी गाडी सपाट जागी उभी करून मास्टरवरच्या बाटलीवर द्रवाच्या पातळीशी मार्करने एक रेघ ओढली. नुसते वर टाकत राहू नका, म्हणाले. लायनर झिजले तरी पातळी उतरते, गळती असली तरी उतरते. वर टाकले की दोन्ही खुणा पुसल्या जातात. दहा दिवसांनी या, असे सांगून त्यांनी किल्ली दिली.

दहाव्या दिवशी गेलो. द्रव रेघेवर होते. त्यांनी मागच्या डाव्या चाकाचा ड्रम उतरवला, रबरी टोपी उचकटून बोट आत घातले आणि मला दाखवले. कोरडे होते.

पुढच्या श्रावणात आम्ही पुन्हा भीमाशंकरला गेलो. परतताना तळेघरला गाडी थांबवली, बॉनेट उघडून रेघ पाहिली. आईने काय बघतोस म्हणून विचारले, तिलाही ती दाखवली. मग दुसऱ्या गिअरवर पोखरीचा घाट उतरायला लागलो. पावसाची झड होती, समोरच्या जीपचे लाल दिवे वळणावळणावर पेटत होते, आणि पेडल वरच्या वर पायाला लागत होते.